मोडीतल्या यंत्राचे दुसरे आयुष्य

सुरतेजवळच्या सरस या खेड्यात २५ मार्च १९२० रोजी उषा मेहता यांचा जन्म झाला. १९४२ च्या चळवळीत मुंबईहून बोलणाऱ्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या चालकांत त्या अग्रभागी होत्या. ही कथा धैर्याची म्हणून नेहमी सांगितली जाते. परंतु तिच्यात एका मोडीत निघालेल्या यंत्राचीही कथा आहे.

१९३९ साली महायुद्ध सुरू होताच हौशी बिनतारीवाल्यांना आपले प्रक्षेपक पोलिसांच्या हवाली करण्याचा हुकूम सुटला. दूरदेशीच्या मित्रांशी बोलण्यासाठी हौसेने जुळविलेली यंत्रे एका फर्मानासरशी निरुपयोगी ठरली. मुंबईचे नरिमन प्रिंटर हे असेच एक हौशी. त्यांच्यापाशी उरलेल्या सुट्या भागांतून काँग्रेस रेडिओचा प्रक्षेपक उभा राहिला. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर त्याचा आवाज उमटला. चिमूर-आष्टीची जी वार्ता सरकारने दाबली होती, ती या यंत्राने देशाला ऐकविली. जागा बदलीत सुमारे अकरा आठवडे हे काम चालले. १२ नोव्हेंबरला गिरगावात पोलिसांनी छापा घातला. त्यांना वाट दाखविणारे प्रिंटरच होते. पुढे ते माफीचे साक्षीदार झाले. बाबूभाई खाखर यांना पाच, उषाबेनना चार व चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची शिक्षा झाली. यंत्राचे मर्म फार थोड्या हातांत राहिले, की त्यातला एक हात फिरताच सारे कार्य कसे कोसळते, हे येथे दिसले.

युद्ध संपल्यावर ते मर्म पुष्कळ हातांत गेले. विमानांतले बिनतारी संच जादा लष्करी माल म्हणून अनेक देशांत स्वस्तात विकले गेले. ते विमानातील २८ व्होल्टच्या विजेवर चालत. डायनामोटर नावाचे फिरते यंत्र तिच्यापासून संचाला लागणारा उच्च दाब निर्माण करी. हौशी मंडळींनी तो डायनामोटर काढला, त्याजागी ट्रान्सफॉर्मर व रेक्टिफायर बसविला आणि तोच संच घरच्या विजेवर बोलू लागला. असे एकेक यंत्र उलगडताना अनेकांना विजेचे शास्त्र अवगत झाले.

आज लष्कराच्या मालाची जागा संगणक-केंद्रांच्या मालाने घेतली आहे. सर्व्हर जुने झाले, की त्यांतील वीजपुरवठ्याच्या पेट्या शाबूत असूनही भंगारात जातात. अशी पेटी २३० व्होल्टच्या घरगुती विजेपासून १२ व्होल्टचा स्थिर एकदिश प्रवाह देते, आणि तोही कित्येक अँपिअर. हौशी रेडिओ संचाला वा प्रयोगाच्या टेबलाला याहून अधिक काय हवे? मात्र विशिष्ट पिना जोडल्याखेरीज ती बहुधा पूर्ण चालू होत नाही, आणि त्या पिना प्रत्येक प्रतिमानात निराळ्या असतात. म्हणून माहितीपत्रक पाहिल्यावाचून तार लावू नये. तिच्या पोटातील कपॅसिटरांत वीज तोडल्यावरही सुमारे ४०० व्होल्टचा दाब काही काळ टिकतो. तेव्हा नवशिक्याने पेटी उघडू नये. बाहेरच्या जोडणीवरच शिकावे, आणि तेही जाणत्याच्या देखत.

१९४६ साली सुटून आल्यावर उषाबेननी पुढे अध्यापनाचा मार्ग पत्करला. आपल्याला ठाऊक आहे ते दुसऱ्याच्या हाती देणे, हेच त्या व्यवसायाचे सार. भंगारातली पेटी घेऊन बसलेल्या मुलाशेजारी एखादा जाणता बसला, तर त्या पेटीचा सर्वांत मोठा उपयोग तेथेच झाला म्हणावयाचे.