गळ, डोह आणि गाव

माझा भाचा गेली बारा वर्षे स्कॉटलंडमध्ये असतो. गेल्या दिवाळीत तो आला तो खांद्यावर एक लांबट कापडी नळकांडे अडकवून. मुलांना वाटले, मामांसाठी बंदूक आणली! आत निघाली मासे धरण्याची चार तुकड्यांची काठी, आणि एका चपट्या डबीत पिसे व दोरा यांपासून केलेल्या पंचवीस-तीस खोट्या माश्या. या माश्या ओढ्याच्या पाण्यावर अलगद टाकायच्या, आणि ट्राउट नावाच्या माशाने खरा किडा समजून त्यावर झडप घालायची, असा तो खेळ. "मामा, आपल्याकडे जुन्नर-आंबेगावला इतके डोंगरी ओढे आहेत. तिथे ट्राउट का नाहीत?" असे त्याने विचारले, आणि फराळाचे ताट पुढे असतानाच आमची सहल ठरली.

ट्राउट आपल्याकडे नाहीत याचे कारण साधे आहे. तो थंड पाण्याचा मासा. इंग्रजांना त्याच्यावाचून करमेना, तेव्हा १९०० साली त्याची अंडी बोटीने आणून काश्मिरात उबवण्यात आली. पुढे निलगिरीच्या ओढ्यांतही तो रुजला. सह्याद्रीचे ओढे चैत्र-वैशाखात एक तर आटतात, नाही तर कोमट होतात. तिथे तो जगणार कसा? पण म्हणून आपल्या डोंगरांत गळाला लावण्याजोगे काही नव्हतेच असे कोणी समजू नये. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात त्याने आपल्या नद्यांतील महसीर माशाला विलायतेतल्या सामनपेक्षाही झुंजार ठरविले आहे. या महसिराचा दख्खनी भाऊबंद म्हणजे आपली खडशी.

आणि हा छंद साहेबाने आणला असेही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाने मन कसे रमवावे हे सांगताना त्याने 'मत्स्यविनोद' म्हणून एक प्रकरणच घातले आहे. काठी कशी असावी, दोरी कशाची वळावी, कोणत्या माशाला कोणते आमिष आवडते, हे सारे त्यात आहे. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञांनी १९५१ साली त्या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा गळाच्या शौकिनांना आपला एक आठशे वर्षांपूर्वीचा गुरुबंधू भेटला. हे भाच्याला सांगितले, तेव्हा त्याने आपली काठी जरा आदबीने गुंडाळून ठेवली.

निघायच्या आदल्या रात्री आईने आपली पिशवी दारात आणून ठेवली. आई चौऱ्यांशीची. "मीही येणार," एवढेच म्हणाली. तिचे माहेर जुने आंबेगाव. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते गाव गेल्या शतकाच्या अखेरीस घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावी आहे, पाट्यांवर आंबेगाव आहे, आणि आंबेगाव पाण्याखाली आहे. गाव उठल्यापासून आई तिकडे फिरकली नव्हती. आम्हीही कधी विषय काढला नव्हता.

डिंभ्याच्या वर, अभयारण्याची हद्द सोडून, परवानगी विचारून आम्ही एका ओढ्याच्या काठी उतरलो. सोबत एक महादेव कोळी आजोबा होते. त्यांनी खोटी माशी तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारले, "आन् ह्याला फसतो मासा?"

"तिकडचे फसतात, आजोबा."

"तिकडचे येडेच म्हणायचे!" आजोबा म्हणाले, आणि मुले पोट धरधरून हसली.

भाच्याने तासभर दोरी हवेत झुलवली. मुलांना माशांपेक्षा त्या झुलण्याचेच कौतुक. अखेरीस बोटभर लांबीचा एक चंदेरी मासा लागला. तो ओंजळीत सगळ्यांनी पाहिला आणि धाकट्या नातीच्या हुकमाने पुन्हा पाण्यात सोडला.

मोठे मासे कुठे गेले, असे विचारता आजोबांनी खाली, धरणाच्या दिशेने हात केला. खडशीची रीत अशी, की पावसाळ्यात नदीला पाणी आले की ती प्रवाहाविरुद्ध वर चढते आणि स्वच्छ, वाहत्या पाण्यात, खडी-गोट्यांच्या तळाशी अंडी घालते. घोडेवर डिंभे, कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, पुष्पावतीवर पिंपळगाव जोगे, अशी कुकडी प्रकल्पाची धरणे झाली. त्यांनी खालच्या कोरड्या मुलखात ऊस आणि द्राक्षे पिकविली. ते पाणी पिणाऱ्या आपण त्यांना नावे ठेवू नयेत. परंतु भिंतीला माशांसाठी दार नसते. शिवाय चढणीचे मासे पोटात अंडी घेऊन येतात, आणि नेमके तेव्हाच त्यांना धरण्याची आपल्याला घाई. अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक पौर्णिमांना व उपवासाच्या दिवशी मासे मारू नयेत, विकूही नयेत, असे बजावले होते. देहूच्या डोहातील मासेही देवाचे म्हणून राखले जात. शास्त्रानेही आपल्या परीने हातभार लावला. १९७० नंतर लोणावळ्यास टाटांच्या तलावाकाठी खडशीची अंडी उबवून लाखो पिले निरनिराळ्या पाण्यांत सोडण्यात आली.

धरणाने ज्यांची शेते घेतली त्या आदिवासींनीही हात बांधून घेतले नाहीत. 'शाश्वत' या संस्थेच्या साथीने त्यांनी त्याच जलाशयात मासेमारीचा हक्क मिळविला, पिंजऱ्यांत मासे वाढविले. २०१२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक लाभले. पण आता जाळ्यात येतात ते बहुतेक बाहेरून आणून सोडलेले कटला आणि रोहू.

परतताना आईने गाडी जलाशयापाशी थांबवायला लावली. कार्तिकातले तुडुंब पाणी. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुनी देवळे वर येतात म्हणतात. त्या दिवशी मात्र नुसती निळाई होती. आई बराच वेळ उभी राहिली. मग तिने बोट केले. "त्या तिथे डोह होता. माझे वडील चतुर्थीला तिथे पोळीचा तुकडा टाकीत. मासे वर यायचे. त्यांना कोणी धरीत नसे." जरा थांबून ती म्हणाली, "गाव गेले ते गेले. पण त्या माशांना काय म्हणायचे, तेही आठवत नाही रे."

हे ऐकले आणि मला सायक्स आठवला. कर्नल विल्यम हेन्री सायक्स १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची माहिती गोळा करीत हिंडला. १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांवर निबंध लिहिला आणि नव्या माशांना नावे देताना कित्येकदा कोळ्यांच्या तोंडचे मराठी शब्दच लॅटिनच्या पंगतीला बसविले. खुद्री, कोळस, शिंगटी, बोगट, नुकटा, फुलंगी! त्यातला 'मुसल्ला' त्याला मिळाला तो शिरूरला, आमच्याच घोड नदीत. जगभरच्या संग्रहालयांत हे शब्द आजही कोरलेले आहेत. बोलणारी माणसे मात्र एकेक करून चालली आहेत.

मी मुलांना वही काढायला सांगितली. आजोबा सांगत गेले, नात लिहीत गेली. बरीच नावे झाली. कोणता मासा कुठे बसतो, कोणता कोणत्या नक्षत्रात चढतो, हेही त्यांनी सांगितले. मध्येच त्यांनी एक नाव घेतले आणि आई चटकन म्हणाली, "हांऽ, खडशी! खडशीच म्हणत." तिचा चेहरा इतका उजळलेला मी पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता.

"केवढी असायची?" नातीने विचारले. आजोबांनी दोन्ही हात पसरले. आईने मान हलवली आणि त्यांचा एक हात आणखी वीतभर लांब सरकवला. भाच्याने आपली काठी जोडून त्या मापावर दोऱ्याची खूण बांधली. ती काठी तो परत नेणार होता. जाताना ती त्याने आईच्या खोलीत कोपऱ्यात उभी करून ठेवली.