आणेवारी ते पैसेवारी : सारा माफ कोण करतं?

डिसेंबर संपत आला की अमरावती-अकोल्याच्या पेपरात एक बातमी हमखास येते : ‘जिल्ह्याची अंतिम पैसेवारी जाहीर’. मागच्या भागानंतर एकानं विचारलं, ‘‘दादा, गावाची पैसेवारी ४६ आली, म्हणजे ४६ पैसे भेटतीन काय?’’ हसू नका. हा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे.

१८९६ साली पाऊस दगा देऊन गेला. मुंबई इलाख्यात पीक बुडाल्यास शेतसाऱ्यात तहकुबी किंवा सूट देण्याची तरतूद सरकारच्याच नियमांत होती. पण नियम इंग्रजीत, शेतकरी निरक्षर. मग टिळकांनी ते ‘केसरी’तून मराठीत समजावले. पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसं गावोगाव गेली. सांगणं साधं होतं : ऐपत नसेल तर गुरं-जमीन विकून सारा भरू नका, हक्काची सवलत मागा. सरकारला हे झोंबलं. कार्यकर्त्यांवर खटले झाले आणि १८९७ मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली.

त्याच डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन आपल्या अमरावतीत भरलं. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. टिळक मात्र राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते. दोनच वर्षांनी, १८९९-१९०० मध्ये, वऱ्हाडावर भीषण दुष्काळ कोसळला. रमेशचंद्र दत्तांनी शेतसाऱ्यावर लॉर्ड कर्झनला जाहीर पत्रं लिहिली. १९०२ च्या ठरावात कर्झननं सारा भारी असल्याचं नाकारलं, पण वाईट वर्षात वसुली लवचिक हवी हे मान्य केलं.

इथे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. तहकुबी म्हणजे आज नको, नंतर भरा. सूट म्हणजे भरूच नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये दोन्ही आहेत.

आता पैसेवारी. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, म्हणून आणेवारी. नवे पैसे आले, नाव बदललं. गावात पीककापणी प्रयोग होतात आणि आलेलं उत्पन्न ठरलेल्या प्रमाण उत्पादनाशी ताडून पाहतात. आपल्याकडे सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि ३१ डिसेंबरला अंतिम आकडा येतो. ५० पैशांच्या आत आलेल्या गावांना शासन टंचाईच्या सवलती देतं : जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी.

तेव्हा साऱ्यानं कंबर मोडायची. आज सारा किरकोळ आहे, ओझं कर्जाचं आहे. म्हणून यादीत ‘सूट’ आणि ‘स्थगिती’ कुठे लिहिलंय ते बघा. स्थगितीत कर्ज पुसलं जात नाही.

आणि त्या मित्राला उत्तर : नाही भाऊ, पैसेवारी खात्यात येत नाही. ती अख्ख्या गावाची सरासरी असते. पीक नुकसानीच्या मदतीला तुझ्या वावराचा पंचनामा लागतो, आणि नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागतं. म्हणून ई-पीक पाहणी वेळेत भर. सातबाऱ्यावर कापूस नोंदलाच नाही, तर बुडाला कसा म्हणशील?

तेव्हा नियम गावात पोहोचवायला माणसं तुरुंगाची जोखीम घेऊन चालत गेली. आपल्या हातात मोबाईल आहे. परीक्षा फी माफीचं वाचलंत ना? उद्या कॉलेजच्या ऑफिसात विचारा. आणि घरी बाबांना त्यांच्या कर्जाचं काय झालं तेही विचारा.

भेटू पुढच्या भागात.