वेग कुणाचा, धोका कुणाला?

मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते ती मुंबई बंदरातून. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच बंदरात नौदलाच्या स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. ती बोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर आदळली. १५ जणांचा जीव गेला.

आता थोडं मागे जाऊ. डोनाल्ड कॅम्पबेलने १९६४ मध्ये पाण्यावर ताशी २७६.३३ मैलांचा विक्रम केला. तोच मोडायच्या प्रयत्नात ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधल्या कॉनिस्टन सरोवरात तो गेला. पण तो धोका त्याने स्वतः पत्करला होता.

‘नीलकमल’च्या प्रवाशांना कुणी विचारलं होतं? वेगाचा इतिहास अभ्यासताना आकड्यांच्या आधी हे तपासा: धोका कुणी निवडला, आणि तो कुणाच्या माथी आला?