दिवाळे निघालेल्या व्यक्तीला वकील होता येते का? अमेरिकेतील नियम

अमेरिकेत कायद्याची पदवी मिळवून बार परीक्षा उत्तीर्ण झाले, तरी वकिलीची सनद लगेच हाती पडत नाही. उमेदवाराच्या चारित्र्याचीही चौकशी होते. थकलेली कर्जे आणि दिवाळखोरी यांची माहिती त्यात द्यावी लागते.

पैशांची चौकशी कशासाठी?
वकिलाकडे अशिलाचे पैसे विश्वासाने ठेवलेले असतात. त्यामुळे उमेदवार स्वतःची देणी कशी हाताळतो, हे पाहिले जाते.

दिवाळखोरीमुळे सनद नाकारता येते का?
केवळ तेवढ्या कारणाने नाही. संघीय दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५२५ नुसार सरकारी यंत्रणेला तसे करता येत नाही. मात्र त्यामागचे वर्तन तपासता येते.

हे कलम लागू होण्याआधीचे, १९७८ मधील फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल हा फरक दाखवतात. एका उमेदवाराने पदवी मिळण्यापूर्वीच दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्याचे बहुतेक कर्ज शैक्षणिक होते आणि त्याची परतफेड सुरूही व्हायची होती. त्याला प्रवेश नाकारला गेला. दुसऱ्यावर दोन मुलांची जबाबदारी होती आणि तो खरोखर अडचणीत होता. त्याला प्रवेश मिळाला.

दिवाळखोरी नाही, पण कर्ज मोठे असेल तर?
नुसता कर्जाचा आकडा सहसा आड येत नाही. फेडीची योजना नसणे आड येऊ शकते. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मोठे शैक्षणिक कर्ज असलेल्या एका उमेदवाराला याच कारणाने थांबवले. पुन्हा अर्ज करण्याची वाट मात्र खुली ठेवली.

उमेदवाराने काय करावे?
- अर्जापूर्वी स्वतःचा पत अहवाल मागवून चुका दुरुस्त करून घ्याव्यात.
- धनकोशी बोलून हप्ते ठरवावेत. पत्रे व पावत्या जपून ठेवाव्यात.
- आजारपण, घटस्फोट, नोकरी जाणे अशी कारणे कागदपत्रांसह सांगावीत.
- काहीही लपवू नये. कर्ज माफ होऊ शकते. अर्जातील खोटेपणा सहसा होत नाही.

भारतात काय स्थिती आहे?
ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम २४-अ मध्ये नावनोंदणीसाठी अपात्रतेची कारणे दिली आहेत. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातील शिक्षा त्यात आहे, कर्जबाजारीपणा नाही.