म्हातारपणाची काठी, तरुणपणाची शिदोरी

मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. परंतु त्या मुलाला पायांवर उभे करताना आईबाप किती वाकतात, याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. यवतमाळच्या आग्नेयेस असलेल्या घाटंजीसारख्या तालुक्याकडे पाहिले, म्हणजे या देवाणघेवाणीचा इतिहास उलगडू लागतो.

घाटंजी हा वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यातला मुलूख. वऱ्हाडचा कारभार १८५३ साली निजामाकडून इंग्रजांकडे आला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला चढा भाव आला. घर शेतीवर चालत होते, तोवर आधार एकाच अंगणात फिरत असे. बापाने जमीन राखावी, मुलाने औत धरावे, सुनेने वेचणी करावी, थकलेल्याने खळे सांभाळावे. कोण कोणाला पोसतो, हा प्रश्नच पडत नसे. भूमिहीन मजुराच्या घरी मात्र हात थकले की चूल थंडावे, हेही विसरून चालणार नाही.

शिक्षण आले आणि प्रवाहाची दिशा बदलली. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापसाचे चुकारे हप्त्यांनी मिळत. कॉलेजची फी मात्र चुकाऱ्याची वाट पाहत नसे. मग दागिना गहाण पडे किंवा सावकाराचे दार ठोठवावे लागे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. कर्जापायी बाप गेला, त्या घरी तरुण मुलाच्या खांद्यावर सातबाऱ्याबरोबर बोजाही आला.

कायद्याने या नात्याकडे उशिरा आणि एकाच बाजूने पाहिले. १९५६ च्या कायद्याने वृद्ध आईबापांच्या पोटगीचे दायित्व हिंदू मुलामुलींवर टाकले. आपल्या समाजाला तसा आधार मिळाला तो १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मुळे; आज तीच तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. कल्याणच्या एका प्रकरणात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलीवरही ही जबाबदारी असल्याचे ठरविले. २००७ च्या कायद्याने ज्येष्ठांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे आली. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मागता येऊ लागली.

एक पोकळी मात्र उरली आहे. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मुलेबाळे असलेला मुलगा मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या आईबापांना काहीच हिस्सा मिळत नाही. ज्यांनी शेत विकून त्याला शिकविले, तेच रिकाम्या हाताने राहतात.

२०११ च्या जनगणनेनुसार राज्यात शंभरांतील सुमारे दहा माणसे साठीपुढची होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील जननदर १.७ वर आला. म्हणजे वृद्ध वाढतील आणि आधार देणारी भावंडे घटतील. पन्नाशीच्या दांपत्याच्या एका हातात मुलाची फी, तर दुसऱ्या हातात म्हाताऱ्या आईचे औषध, हे चित्र आता घरोघरी दिसणार.

म्हणून आम्हांस वाटते, या गोष्टी हातपाय धड असतानाच मुलगे, मुली व सुना यांच्यासह बसून बोलाव्यात. आईबापांनी सारी जमीन हयातीतच लिहून देण्याची घाई करू नये. कमावत्या मुलामुलींनी मृत्युपत्रात आईबापांची आठवण ठेवावी. मायेला कागदाची गरज नसते खरी. परंतु माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांना कागदच लागतो.