गोटीची घसरण: एका खेळण्याचा इतिहास आणि आपली निवड



खेळण्यांच्या दुकानात हल्ली ‘मार्बल रन’ नावाचा प्रकार हमखास दिसतो. लाकडी ठोकळे किंवा प्लॅस्टिकच्या पन्हाळी एकमेकांत बसवायच्या, वरून गोटी सोडायची आणि ती वळणे घेत खाली कशी येते ते बघायचे. काहीशे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत किमती. नातवंडांसाठी यातले कोणते घ्यावे? खोक्यावरची जाहिरात वाचून गोंधळ वाढतो. त्यापेक्षा या खेळण्याचा इतिहास पाहिला तर उत्तर लवकर सापडते. एका खेळण्यात तीन इतिहास एकत्र आले आहेत: गोटीचा, उताराचा आणि लहान मुलाच्या घशाचा.

आधी गोटी. हडप्पा संस्कृतीच्या उत्खननात मातीच्या आणि दगडाच्या लहान लहान गोट्या सापडल्या आहेत. म्हणजे गोल वस्तू हाती धरून घरंगळत सोडायची हौस चार हजार वर्षांहून जुनी. पण अगदी गोल गोटी बनवणे सोपे नव्हते. जर्मनीत बाव्हेरियाच्या डोंगरात बेर्ख्तेसगाडेनजवळ १६८३ पासूनची एक गोट्यांची गिरणी आजही चालते. खाचा पाडलेल्या दगडावर संगमरवराचे तुकडे ठेवायचे, वर लाकडाची जड चकती, आणि ती चकती ओढ्याच्या पाण्यावर फिरत राहते. काही दिवस घासले गेल्यावर तुकड्याची गोटी होते. आपल्या जात्यासारखीच कल्पना, फक्त पीठ करायचे नाही, कोपरे झिजवायचे.

काचेची गोटीही जर्मनीचीच. थुरिंगिया भागातल्या लाउशा गावात १५९७ पासून काचकाम चालत आले होते. तिथल्या एलियास ग्राइनर नावाच्या कारागिराने १८४० च्या दशकात एक खास चिमटा बनवला. टोकाला वाटीसारखा खळगा असलेल्या या चिमट्यात तापलेली काचेची कांडी धरून फिरवली की गोटी तयार होऊन सुटे. कांडीत रंगीत धागे असतील तर गोटीच्या पोटात त्यांची सुंदर पिळदार नक्षी उमटे. पुढे १८८४ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यात ॲक्रन गावी सॅम्युअल डाइक यांनी मातीच्या गोट्या मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच गावात काचेच्या गोट्यांचे यंत्र आले आणि गोटी कोणत्याही मुलाला परवडेल इतकी स्वस्त झाली.

आपल्याकडची गोटी सोड्याची बाटली तुम्हाला आठवत असेलच. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये तिचे पेटंट घेतले. आतल्या वायूच्या दाबाने गोटी वर सरकून गळ्यातल्या रबरी कड्याला घट्ट बसते आणि बाटली बंद राहते. हे वाक्य लक्षात ठेवा. गोल गोटी ही उत्तम बूच असते. पुढे याचाच विचार करायचा आहे.

आता उतार. चेंडू नळीतून घरंगळत सोडायची कल्पना मोठ्या माणसांनी आधी घड्याळात वापरली. १६०० च्या सुमारास जर्मन घड्याळजी हान्स श्लोटहाइम यांनी मनोऱ्याच्या आकाराचे एक घड्याळ बनवले. त्याच्या भोवती गोल गोल उतरणाऱ्या वाटेवरून एक गोळी खाली यायची आणि एका फेरीला एक मिनिट लागायचे. १८०८ मध्ये इंग्लंडच्या विल्यम काँग्रीव्ह यांनी नागमोडी खाचांच्या कलत्या पाटीवर गोळी फिरवणाऱ्या घड्याळाचे पेटंट घेतले. दिसायला देखणे, पण वेळ काही बरोबर दाखवत नसे. वाटेत थोडी धूळ आली तरी गोळीची चाल बदलायची.

या दोघांच्या मधला काळ गॅलिलिओचा. १६३८ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने प्रयोग सांगितला आहे. सुमारे बारा हात लांबीच्या लाकडी तुळईत सरळ खाच पाडली, ती गुळगुळीत व्हावी म्हणून आत घासलेले चर्मपत्र लावले, तुळई एका बाजूने उचलली आणि पितळेसारख्या कांस्य धातूची गोळी सोडली. सेकंद मोजणारे घड्याळ नव्हते, म्हणून भांड्यातून बारीक धारेने पडलेले पाणी तराजूत तोलून वेळ काढला. पाव अंतर जायला निम्मा वेळ लागतो, हे त्याला पुन्हा पुन्हा दिसले. पहिल्या क्षणात गोळी एक हिस्सा गेली तर दुसऱ्या क्षणात तीन, तिसऱ्यात पाच. पडणाऱ्या वस्तूचा नियम जगाला अशा एका पन्हाळीतून कळला. (चर्मपत्र वाचून मलाही थोडे चुकचुकल्यासारखे झाले. आज गुळगुळीतपणासाठी कोणाचे कातडे लागत नाही, हे बरेच.)

हे सगळे मुलांच्या हातात आले ते बरेच नंतर. त्यातले एक नाव स्वित्झर्लंडचे मातियास एटर. विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर काम करताना १९७० च्या दशकात त्यांना ठोकळ्यांची कल्पना सुचली आणि पुढच्या दशकात ‘क्युबोरो’ या नावाने ती बाजारात आली. बीच लाकडाचे ५ सेंटिमीटरचे घन ठोकळे, कुणाच्या वर खाच, कुणाच्या पोटातून बोगदा. ठोकळे रचायचे आणि आतली न दिसणारी वाट मनात धरायची. अलीकडचा ‘ग्रॅव्हिट्रॅक्स’ हा २०१७ मध्ये राव्हेन्सबुर्गर कंपनीने आणलेला संच मात्र मोठ्या मुलांसाठी आहे.

मला या खेळण्याचे कौतुक वाटते ते आणखी एका कारणाने. गल्लीतल्या गोट्यांत हरणाऱ्याची गोटी जिंकणाऱ्याच्या खिशात जाते. खेळ निरागस असला तरी डाव लावण्याची गोडी तिथूनच लागते, आणि आपल्या सप्तव्यसनांत पहिले नाव द्यूताचेच आहे. उताराच्या खेळात कोणी हरत नाही. गोटी अडकली तर अडकली, दोघे मिळून वाट दुरुस्त करतात. शिवाय पाठशाळेत जाणाऱ्या मुलाला धर्मद्रव्य समजवायला माशाला पाण्याचे उदाहरण देतात, तसे हेही देता येते. पन्हाळ गोटीला ढकलत नाही, फक्त जायला वाट देते. तुलना फार ताणू नये, पण सहा-सात वर्षांच्या मुलाला एवढे पटकन कळते.

आता तिसरा इतिहास, घशाचा. यात चूक परवडत नाही. बाटलीच्या गळ्यात जे होते तेच श्वासनलिकेच्या तोंडाशी होऊ शकते. कोपरे असलेली वस्तू अडकली तर बाजूने थोडी हवा जाण्याची शक्यता राहते. गोल, गुळगुळीत, ओली गोटी वाट पूर्ण बंद करते, आणि बोटाने काढायला गेले तर आणखी आत सरकते. अमेरिकेत १९९४ मध्ये मुलांच्या खेळण्यांबाबत कायदा झाला. त्यानुसार १.७५ इंच, म्हणजे सुमारे ४४ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून जाणारा चेंडू तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यात चालत नाही, आणि मोठ्या मुलांच्या खेळण्यात गोट्या असतील तर खोक्यावर इशारा छापावा लागतो. नेहमीची गोटी १६ मिलिमीटरच्या आसपास असते. टेबल टेनिसचा चेंडूसुद्धा ४० मिलिमीटरचा, म्हणजे तोही या परीक्षेत नापास.

आपल्या देशात खेळण्यांच्या गुणवत्तेचा आदेश २०२० मध्ये निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. रस्त्यावरच्या गाडीवर किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळते म्हणून हे चिन्ह न पाहता घेऊ नका.

तर निवड अशी करावी:

पहिले, वय बघायचे ते घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाचे. सहा वर्षांच्या नातीसाठी संच आणला आणि घरात दीड वर्षाचा नातू रांगत असेल, तर खेळणे त्याच्यासाठीच आणले असे समजा.

दुसरे, तीन वर्षांखाली गोटीच नको. उतारावरून खडखडत येणाऱ्या लाकडी गाड्या मिळतात, किंवा ४४ मिलिमीटरहून मोठ्या चेंडूंचे संच. घरीही करता येते. रुंद पुठ्ठ्याच्या दोन्ही कडा दुमडून पन्हाळ करा, पाटावर टेकवा आणि टेनिसचा चेंडू सोडा. गॅलिलिओकडेही याहून फार वेगळे नव्हते.

तिसरे, तीन ते पाच वर्षांत मोठे, जाड तुकडे घ्या आणि आपण समोर बसूनच खेळू द्या. पाच-सहानंतर ठोकळे रचून स्वतःची वाट शोधायचा संच. पन्नास तुकड्यांनी सुरुवात पुरते. दीडशे तुकड्यांचा संच आणला की निम्मे तुकडे पलंगाखालीच राहतात. परिग्रहाची मर्यादा खेळण्यांच्या कपाटालाही लागू होते.

चौथे, धुता-पुसता येईल असे घ्या. काँग्रीव्हच्या घड्याळासारखी याचीही चाल धुळीने बिघडते, आणि मूल लगेच कंटाळते.

शेवटचे, मी कॉमर्सची असल्यामुळे सांगते: गोट्यांचा रोजमेळ ठेवा. डबा उघडताना मोजून द्यायच्या, बंद करताना मोजून घ्यायच्या. दहा दिल्या आणि नऊ आल्या तर दहावी सापडेपर्यंत कोणी उठायचे नाही. साधूंच्या पाच समित्यांत आदाननिक्षेपण समिती आहे, वस्तू उचलताना आणि ठेवताना बघून, जपून ठेवणे. तिथे ती सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी आहे. आपण गृहस्थांनी तिचा एवढा अंश पाळला तरी सोफ्याखाली राहिलेली एक गोटी रांगत्या बाळाच्या हाती लागणार नाही. आणि मोजणी मुलांनाच करू द्या. दहापर्यंतचे आकडे पाठ होतील, ठेवरेवही अंगवळणी पडेल.