कॅस्परची हक्कसोड

लहानपणी पाहिलेला ‘कॅस्पर’ (१९९५) हा चित्रपट यंदा हॅलोवीनच्या सुमारास मुलीसह पुन्हा पाहिला. सीमोर राइट व जो ओरिओलो यांनी कल्पिलेले हे स्नेहाळ भूत १९४५ साली पडद्यावर अवतरले आणि पुढे हार्वे प्रकाशनाच्या चित्रकथांतून अमेरिकेत घरोघरी गेले.

भुतांनाही न्यायालयाची पायरी चुकली नाही. ‘घोस्टबस्टर्स’चे बोधचिन्ह कॅस्परच्या फॅट्सो काकावरून उचलले, असा हार्वेचा दावा होता. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९८६ साली तो अमान्य केला. जुन्या चित्रकथांच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले होते. शिवाय व्यंगचित्रात भूत रेखाटण्याचे प्रकार ते किती असणार!

बालपणी मी त्या दांडगट काकांना हसलो होतो. आता मन अडखळले ते एका जुन्या वृत्तपत्राच्या कात्रणापाशी. बर्फात खेळून आजारी पडलेला मुलगा दगावला; त्याला परत आणू पाहणारे यंत्र बापाने उभारले आणि कायद्याने त्या बापाला वेडा ठरविले. कायद्याचे चुकले असे म्हणवत नाही. पण शोकासाठी त्याच्यापाशी दुसरा शब्दच नव्हता.

पुनर्जन्माचे औषध एकालाच पुरणारे होते. कॅस्परने ते मैत्रिणीच्या मृत वडिलांना देऊ केले. आम्ही वकील याला हक्कसोड म्हणतो. इतकी निरपेक्ष हक्कसोड माझ्या दप्तरी एकही नाही.